शाळा बंद करताना पारलिंगी मुलांचा विचार आधी करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळा बंद ठेवण्याचा निर्णय बडोद्याला आता नवा राहिलेला नाही. कोविडच्या महामारीमुळे १६ मार्च २०२० पासून गुजरातेतल्या शाळा बंद झाल्या. दहावी-बारावीचे वर्ग ११ जानेवारी २०२१ ला उघडले आणि दुसऱ्या लाटेत सगळे पुन्हा बंद पडले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने शाळांना कुलूप लागले. कधी पुराने, कधी साथीने, पुढेही हे होणारच. दर वेळी बुडालेला अभ्यासक्रम, ऑनलाइन तास आणि परीक्षा यांवर भरपूर बोलले जाते. ज्या मुलामुलींचा घराबाहेरचा एकुलता एक भरवशाचा माणूस शाळेबरोबर तुटतो, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. आम्ही पारलिंगी किशोरांबरोबर शाळांत आणि समुपदेशनात काम करतो. महामारीत या मुलांचे काय होते, का होते आणि पुढच्या वेळी काय करता येईल, हे आपल्या वाचकांपुढे नेमकेपणाने मांडावे म्हणून हे पत्र.

पारलिंगी म्हणजे जन्मदाखल्यावर लिहिलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख वेगळी असलेली व्यक्ती. दाखल्यावर मुलगी असलेला ट्रान्स मुलगा, दाखल्यावर मुलगा असलेली ट्रान्स मुलगी, आणि या दोन्हींत न बसणारी मुलेही यात येतात. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ही गोष्ट मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरातून ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. त्यांत शून्य ते सहा वयाची ५४,८५४ मुले होती. ती २०२० मध्ये नऊ ते पंधरा वर्षांची झालेली होती. इतक्या लहान मुलांचा रकाना घरची मोठी माणसे आणि प्रगणक मिळून भरतात, त्यामुळे पारलिंगी किशोरांची खरी संख्या या आकड्यावरून कळत नाही. पण ‘आमच्या शाळेत असे कोणी नाही’ हे मुख्याध्यापकांचे ठरलेले उत्तर तपासून पाहायला तो पुरेसा आहे. असे मूल कुठल्याही शाळेत असू शकते. ते सांगत नाही, एवढेच.

‘घरी रहा, सुरक्षित रहा’ या सूचनेत घर सुरक्षित असल्याचे गृहीत धरलेले होते. अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ ते २४ वयाच्या जवळजवळ ३५,००० समलिंगी, उभयलैंगिक आणि पारलिंगी तरुणांनी भाग घेतला होता. महामारीने घरातला ताण वाढवला असे ८० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले. आपल्या ओळखीला मान देणारे घर तिघांपैकी एकालाच लाभले होते. बडोद्यातल्या रावपुरा, नवापुरा, दांडिया बाजार इथल्या जुन्या घरांत परिस्थिती याहून अवघड असते, कारण तिथे स्वतंत्र खोली नसते. दोन खोल्यांत सहा माणसे, एकाला एक लागलेल्या भिंती, शेजारच्या अगाशीवरून दिसणारी आपली अगाशी. मुलाभोवती चोवीस तास माणसे असतात आणि ज्या नावाने हाक मारलेली त्याला आवडते, ते त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते. या मुलांचा एकाकीपणा असा भरल्या घरातला असतो. ‘सगळे तर आहोत जवळ’ असे म्हणणाऱ्या पालकांना तो दिसत नाही.

मराठी घरात बोलण्यापासूनच अडचण सुरू होते. स्वतःबद्दल एक साधे वाक्य बोलायचे तरी मुलाला आपले लिंग सांगावे लागते: मी जेवतो, मी जेवते. गुजरातीत वर्तमानकाळात ‘हुं जाउं छुं’ म्हणताना ते लपून राहते. शाळेत आणि मित्रांत गुजराती बोलताना मिळणारी ही थोडीशी सूट टाळेबंदीत संपली. मग मुले ‘भूक लागलीय’, ‘झोप येतेय’, ‘मला नको’ अशी आडवळणाची वाक्ये शोधतात, किंवा बोलणेच कमी करतात. घरच्यांना वाटते, मूल घुमे झाले. ज्या पालकांना मुलाची ओळख कळली आहे पण ‘तो’चे ‘ती’ किंवा ‘ती’चा ‘तो’ करायला अजून जीभ वळत नाही, त्यांना आम्ही हाच मार्ग सुचवतो. ‘जेवलास का’, ‘जेवलीस का’ याऐवजी ‘जेवण झालं का’ म्हणावे. ‘कुठे गेला होतास’ऐवजी ‘कुठे जाणं झालं’ म्हणावे. दिवसाकाठी अशी दहा-बारा वाक्ये बदलली तरी मुलाच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसतो, आणि पालकांनाही विचार करायला अवधी मिळतो.

केसांचा प्रश्न बाहेरच्यांना क्षुल्लक वाटेल. सलून बंद असताना घरोघरी वडिलांनी किंवा काकांनी कात्री हातात घेतली. ट्रान्स मुलीसाठी मानेवर उतरलेले दोन बोटे केस हीच कित्येकदा तिच्या ओळखीची एकमेव खूण असते, आणि ती एका सकाळी पाट मांडून, टॉवेल गुंडाळून कापली जाते. हॉल मिळत नसल्याने घरच्या घरी उरकलेल्या मुंजींतही हेच होते. ट्रान्स मुलाचे उलटे: आखूड ठेवलेले केस वाढत जातात आणि आई ‘आता छान वेणी घालता येईल’ म्हणते. पाळीचे चार दिवस त्याच्यासाठी आणखी कठीण. शाळा चालू असताना तो ते कोणाला न कळता काढू शकतो. सगळे घरात असताना पॅड कुठे ठेवायचे आणि कुठे टाकायचे, इथूनच सारे उघडे पडते. ज्या घरांत बाजूला बसण्याची रीत अजून पाळतात, तिथे तर महिन्यातून चार दिवस सगळ्या घरासमोर ‘तू मुलगीच आहेस’ हे बजावले जाते. निदान ती रीत त्या मुलापुरती तरी थांबवावी, अशी आमची घरातल्या मोठ्यांना हात जोडून विनंती आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही पारलिंगी मुलांना शाळा बंद झाल्याने सुटल्यासारखेही वाटले. मुलांचा आणि मुलींचा वेगळा गणवेश नाही, खेळाच्या तासाला दोन रांगा नाहीत, मधल्या सुट्टीतली चिडवाचिडवी नाही. शाळेत मुलांच्या स्वच्छतागृहात मार पडण्याची भीती आणि मुलींच्या स्वच्छतागृहात प्रवेश नाही, म्हणून कित्येक मुले सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी सहा-सात तास रोखून धरल्याने मूत्रमार्गाला वारंवार संसर्ग होतो, आणि ‘सारखा ताप का येतो’ हे डॉक्टरांना कळत नाही. घरी हा त्रास थांबतो. मास्कने नुकती फुटलेली मिसरूड झाकली, तोही अनेकांना आधार वाटला. शाळा उघडल्यावर यातली काही मुले परत यायला तयार नव्हती, आणि त्याला अभ्यासाचा कंटाळा म्हटले गेले. शाळा उघडण्याच्या तयारीत सॅनिटायझर आणि तापमापक होते. कोणालाही वापरता येईल असे, आतून कडी लागणारे एक स्वच्छतागृह कुठल्याच यादीत नव्हते.

ऑनलाइन वर्गाचा त्रास यंत्राच्या रचनेतूनच येतो. पडद्यावर मुलाच्या चेहऱ्याखाली त्याचे दाखल्यावरचे नाव सतत लिहिलेले असते. झूममध्ये शिक्षकाने मुभा ठेवली तर विद्यार्थ्याला ते बदलता येते. गूगल मीटमध्ये ते गूगल खात्यावरून उचलले जाते आणि खाते बहुधा आईचे किंवा वडिलांचे असते. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये शाळेने बनवलेल्या खात्यावरून येते. शिवाय तासभर स्वतःचा चेहरा समोर. जबडा रुंद होतोय, आवाज फुटतोय, हे न्याहाळत बसण्यात तास जातो आणि गणित कानावरून जाते. अशी मुले कॅमेरा बंद ठेवतात, गैरहजेरी लागते, घरी तक्रार जाते. यावर उपाय सोपा आहे, आणि तो एका मुलासाठी केला तर तेच मूल उघडे पडते, म्हणून सगळ्या वर्गासाठी एकदमच करावा. प्रत्येकाचे पडद्यावरचे नाव हजेरी क्रमांक आणि आडनाव असे ठेवावे. आपलीच प्रतिमा आपल्याला न दिसण्याची सोय कशी वापरायची, ते पहिल्या तासाला सर्वांना शिकवावे. हजेरी कॅमेऱ्यावर न ठरवता तासाच्या शेवटी लिहून पाठवलेल्या एका उत्तरावर ठरवावी. तोंडी उत्तराऐवजी लेखी उत्तर चालेल, हेही सर्वांनाच सांगावे. ज्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटतो, ते मूल मग हळूहळू वर्गात येते.

घरात एकांत मिळतो तो फक्त रात्री. म्हणून ही मुले दोन-तीनपर्यंत जागतात. त्याच वेळी ती आपल्यासारख्या इतरांशी बोलतात, आरशासमोर ओढणी किंवा शर्ट घालून पाहतात, आपले निवडलेले नाव कुठेतरी लिहितात. सकाळी उठवत नाही, ऑनलाइन तास बुडतो, आणि पालक म्हणतात मोबाइलचे व्यसन लागले. शिक्षा म्हणून मोबाइल काढून घेतला जातो. असे केल्याने त्या मुलाचे बाहेरच्या जगाशी असलेले शेवटचे नाते तुटते, आणि आमच्या माहितीत सर्वात जास्त धोका त्यानंतरच्या दिवसांत असतो. मोबाइल काढण्याऐवजी संध्याकाळी पाऊण तास दार लावून बसण्याची मुभा द्या. त्या वेळात कोणी दार ठोठावणार नाही आणि फोन तपासणार नाही, असे घरात ठरवा. रात्रीचे जागरण बहुधा आपसूक कमी होते.

आता थोडे शरीराबद्दल, कारण याबाबत चुकीची माहिती सर्वात जास्त पसरते. ट्रान्स मुलगे छाती सपाट दिसावी म्हणून ती बांधतात. त्यासाठी खास शिवलेला बाइंडर असतो. पण २०२० च्या टाळेबंदीत सुरुवातीचे कित्येक आठवडे ऑनलाइन दुकानांना जीवनावश्यक वस्तूंखेरीज काही पोहोचवता येत नव्हते, आणि एरवीही घरी आलेले पार्सल मोठी माणसे उघडतात. मग मुले मुरगळलेल्या पायाला बांधतात ते क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळतात. हे करू नये. क्रेप बँडेज श्वासागणिक सैल होत नाही, उलट आवळत जाते. बरगड्यांवर दाब येतो, श्वास उथळ होतो, आणि दुखापतही होऊ शकते. चिकटपट्टीने त्वचा सोलली जाते. शाळेच्या दिवसांत सहा-सात तास बांधणारे मूल टाळेबंदीत सोळा-सोळा तास बांधून राहते, कारण घरात ते कधीच एकटे नसते. काही तसेच झोपतात. बडोद्याच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या पुढच्या उन्हाळ्यात, घामाने पुरळ आणि बुरशीचा संसर्ग होतो.

बाइंडर चांगला असला तरी तो दिवसात आठ तासांच्या वर नको, झोपताना आणि व्यायाम करताना मुळीच नको, आणि आठवड्यातून एखादा दिवस पूर्ण सुट्टी हवी. छातीचे माप सर्वात रुंद भागावर टेपने घ्यावे आणि त्याच मापाचा घ्यावा. एक माप लहान घेतल्याने छाती जास्त सपाट होत नाही, फक्त दुखते. काढल्यावर चार-पाच दीर्घ श्वास घ्यावेत, एक-दोनदा खोकावे, खांदे फिरवावेत, त्वचा धुऊन कोरडी करावी. खोकला, ताप किंवा श्वसनाचा कुठलाही आजार असेल तर पूर्ण बरे होईपर्यंत बांधूच नये. कोविडमध्ये हे विशेष महत्त्वाचे होते आणि हे सांगायला त्या मुलांजवळ कोणी नव्हते. छातीत कळ, हातांना मुंग्या, दम लागणे यांपैकी काहीही झाले तर लगेच काढावे आणि डॉक्टरांना खरे कारण सांगावे. बाइंडर मिळत नसेल तर नीट मापाची एक स्पोर्ट्स ब्रा आणि वरून सैल, गडद रंगाचा, खिशाचा शर्ट हा सुरक्षित पर्याय आहे. आईने दुकानातून आणून देण्यासारखी ही वस्तू आहे, आणि आईने ती स्वतः आणून देण्याला मुलाच्या लेखी फार मोल असते.

ट्रान्स मुली दुसऱ्या मार्गाने धोका पत्करतात. घरातल्या कपाटातून किंवा दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन त्या एका वेळी दोन-तीन खातात, छातीला आकार येईल या आशेने. या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेन या हार्मोनने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. कोविडच्या आजारातही गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणजे दोन्ही एकत्र आले तर जिवावर बेतू शकते. जास्त गोळ्यांनी बदल लवकर होत नाही. जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दल ट्रान्स मुलग्यांना आमचे सांगणे हेच: हार्मोनची गोष्ट एन्डोक्रायनॉलॉजिस्टशिवाय, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांशिवाय, आणि रक्ततपासणीशिवाय नको. ज्या थोड्या किशोरांचे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधीच सुरू आहेत, त्यांच्या पालकांनी बंदीची चाहूल लागताच चिठ्ठी नवी करून घ्यावी आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख कुठे पाळता येईल ते विचारून ठेवावे.

एकाकी मूल इंटरनेटवर माणूस शोधते, आणि तिथे चांगली माणसेही भेटतात. पण टाळेबंदीत या मुलांना हेरणारे प्रौढही तिथेच होते. त्यांची रीत ठरलेली असते. पहिल्या एक-दोन दिवसांत ‘मीच तुला समजू शकतो’ म्हणायचे, मग दुसऱ्या ॲपवर यायला सांगायचे, मग फोटो मागायचा, आणि फोटो हाती आला की ‘घरी सांगेन’ अशी धमकी. इतर मुलांना अब्रूची भीती असते. पारलिंगी मुलाला फोटोची आणि ओळख फुटण्याची अशी दुहेरी भीती असते, म्हणून ते जास्त काळ गप्प राहते आणि जास्त सोसते. अशा वेळी संदेश पुसू नयेत, स्क्रीनशॉट ठेवावेत, पैसे देऊ नयेत, कारण दिल्याने मागणी थांबत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला लागू आहे, त्याचे लिंग कोणतेही असो. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तातडीने कळवावे. आणि पालकांनी पहिले वाक्य ‘असले फोटो पाठवलेसच का’ हे उच्चारू नये.

शाळा बंद असताना मुलाशी फोनवर बोलणाऱ्या शिक्षकांसाठी आणि समुपदेशकांसाठी आता थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगल्या हेतूने केलेला फोनही मुलाला संकटात टाकू शकतो. शाळा चालू असतानाच मुलाला विचारून ठेवावे: फोन कधी करायचा, की फक्त लिहायचे, घरासमोर कोणते नाव घ्यायचे, एकटे असताना कोणते, दुसऱ्या कोणी फोन उचलला तर काय बोलायचे. घरासमोरचे नाव आणि खरे नाव यांत गल्लत झाली तर मूल त्याच क्षणी उघडे पडते. ही चूक सर्वात जास्त होते आणि बहुतेकदा प्रेमानेच होते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर, निकालपत्रावर किंवा पालकसभेत निवडलेले नाव मुलाच्या परवानगीशिवाय कधीच वापरू नये. फोन लागल्यावर पहिल्या मिनिटात हो-नाहीत उत्तर देता येतील असेच प्रश्न विचारावेत: एकटे आहेस का, स्पीकर बंद आहे का, दहा मिनिटे आहेत का. एखादा साधा शब्द संकेत म्हणून ठरवावा. मुलाने ‘वही मिळाली नाही’ म्हटले की कोणीतरी आले असे समजून लगेच गृहपाठावर बोलायला लागायचे. फोन मध्येच तुटला तर आपण परत लावायचा नाही, मूल लावेल. शेवटची पाच मिनिटे हलक्या विषयावर बोलावे, म्हणजे डोळे पुसून बाहेर जायला वेळ मिळतो. पुढची वेळ ठरल्याशिवाय फोन ठेवू नये.

यंत्रेही चहाडी करतात. ट्रूकॉलर समोरच्याचे नोंदलेले नाव पडद्यावर दाखवतो, म्हणून समुपदेशकाचा क्रमांक कुठल्या नावाने दिसतो ते तपासावे आणि व्हॉट्सॲपवर इंद्रधनुष्याच्या झेंड्याचे चित्र ठेवू नये. काही फोन प्रत्येक संभाषण आपोआप ध्वनिमुद्रित करतात. मुलाचे व्हॉट्सॲप वडिलांच्या लॅपटॉपला जोडलेले असू शकते. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये ते दिसते. कुलूप असलेल्या पडद्यावरही संदेशाची पहिली ओळ झळकते, ती सेटिंगमधून बंद करता येते. आणि मुलाला सुरुवातीलाच सांगावे की सगळे गुपित राहील, फक्त दोन गोष्टी सोडून: जीव धोक्यात असेल तर, आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर. पोक्सोच्या कलम १९ नुसार तो कळवणे आपल्याला बंधनकारक आहे. हे मुलाने सांगून झाल्यावर कळले तर त्याला विश्वासघात वाटतो. मरण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात रुजत नाही. उत्तर हो असेल तर एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवायला एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगावे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर मुलाबरोबर बसून फोन लावावा.

कायद्यात या मुलांसाठी काही आहे आणि एक मोठी फट आहे. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्कसंरक्षण कायद्याच्या कलम १२ नुसार पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून न्यायालयाच्या आदेशाशिवाय वेगळे करता येत नाही, आणि त्याला घरातून काढता येत नाही. कलम १३ मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यायला सांगते. घराबाहेर काढणे, मारहाण, शाब्दिक आणि मानसिक छळ यांना कलम १८ खाली सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा आहे. पण छळ घरातच होत असेल तर मूल जाणार कुठे? पारलिंगी व्यक्तींसाठीच्या गरिमा गृहाचे उद्घाटन नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारीच्या ऐन काळात, आपल्या बडोद्यातच झाले, याचा आम्हाला अभिमान आहे. तिथला निवारा मात्र अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. त्याखालच्या मुलाला बालकल्याण समितीपुढे जावे लागते आणि समितीजवळ मुलांचे किंवा मुलींचे बालगृह एवढेच पर्याय असतात. ट्रान्स मुलीला मुलांच्या बालगृहात पाठवणे म्हणजे काय, हे स्पष्ट करून सांगायला नको. प्रत्येक जिल्ह्यात अशा दोन-चार मुलांना ठेवून घेऊ शकेल, अशी तपासलेली पालनकर्ती कुटुंबे समितीच्या यादीत आधीपासून असावीत. बंदी लागल्यावर शोधायला निघाल्यास ती मिळत नाहीत.

पालक घाबरून बाबा-बुवांकडे किंवा ‘हे बरे करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जातात. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये अशा ‘उपचारां’विरुद्ध आदेश दिला, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्यांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मुलाला झोप नसेल, खाणे सुटले असेल, तर सयाजीराव रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेतले सरकारी मनोरुग्णालय आहे. तिथे जावे ते मुलाच्या दुःखावर उपचार घ्यायला.

शाळांना हे सारे शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच. शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने पारलिंगी मुलांच्या शिक्षणाबद्दल शिक्षकांसाठी एक पुस्तिका २०२१ मध्ये तयार केली आणि आक्षेप येताच त्याच वर्षी संकेतस्थळावरून हटवली. शाळा दीड वर्षाने पूर्ण उघडत होत्या आणि शिक्षकांना तिची गरज होती, नेमके तेव्हाच. निवडलेल्या नावाचा परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेत १५ ते २१ वयाच्या १२९ पारलिंगी तरुणांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की घर, शाळा, काम आणि मित्र यांपैकी आणखी एका ठिकाणी निवडलेले नाव वापरले गेले, तर आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी आढळतात. शाळा बंद झाली की यातले एक ठिकाण नाहीसे होते, आणि कित्येकांसाठी ते एकच असते.

म्हणून जिल्हा शिक्षणाधिकारी आणि शाळांच्या संचालकांकडे आमची मागणी मोजकी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने दोन शिक्षक नेमावेत, एक स्त्री आणि एक पुरुष, ज्यांना कुठल्याही कारणाने मूल थेट गाठू शकेल. त्यांचे क्रमांक मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आणि टेलि-मानसचा १४४१६ यांच्या शेजारी प्रत्येक विद्यार्थ्याच्या डायरीत छापावेत, सर्वांसाठी, म्हणजे ते जवळ बाळगणारे मूल वेगळे दिसणार नाही. शाळा एक आठवड्यापेक्षा जास्त बंद राहिली तर या दोघांनी प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा लेखी विचारपूस करावी आणि उत्तर न देणाऱ्यांची यादी ठेवावी, कारण सर्वात अडचणीतले मूल गप्प असते. या दोघांना वर लिहिलेल्या गोष्टींचे एक दिवसाचे प्रशिक्षण पुरते. नव्या सत्राच्या डायऱ्या एप्रिल-मेमध्ये छापायला जातात. त्याआधी हा आदेश निघावा आणि आपल्या वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपले,
बडोद्यातील काही शिक्षक आणि समुपदेशक